शाळेतला शिपाई आणि बॉयलरवाला

जेरोम, तुझी आई परवा माझ्याशी भांडली. चांगली पंचवीस मिनिटं, फोनवर, आवाज चढवून. आणि कशावरून? सबटायटलवरून! फोन ठेवला तेव्हा मी डोळे पुसत हसत होते. मिलिंद आठवड्याचं काम संपवून सूरहून नुकताच येऊन दारात बूट काढत होता. माझा अवतार बघून घाबरला. म्हणाला, "काय झालं? कोण गेलं?" मी ओरडले, "कुणी नाही रे गेलं! मावशींनी सिनेमा पाहिला! पूर्ण पाहिला!" माझा नवरा भला माणूस आहे, त्याने एक बूट हातात धरून "अरे वा" म्हटलं. पण त्याला काय कळणार? हे तुलाच सांगायला हवं. सगळं सांगते, क्रमाने. नाहीतर म्हणशील, वैशाली, तू नेहमी शेवट आधी फोडतेस.

आधी एक कबुली. जेरोम हे नाव मी तुला आत्ता दिलंय. तुझ्या संजयचंही खरं नाव इथे लिहिलेलं नाही. का ते तुला ठाऊक आहे, आपण खिडक्या लावून बोलणारी माणसं. तुला हे नाव आवडणार नाही. "एखाद्या फादरसारखं वाटतं," असं म्हणशील. म्हण.

इथे आखातात, घुब्रा ते रुसैल. रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी पाऊण तास, तुझ्या पांढऱ्या गाडीत. मी टाइल कारखान्याच्या पर्चेसमध्ये आणि तू लॅबमध्ये. दिवसभर टाइल्स मशीनखाली ठेवून मोडायचास आणि किती वजनाला तुटली ते लिहायचास. "माझी नोकरी म्हणजे पगारी तोडफोड," असं तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. पुढच्या आठवड्यात तू सिनेमाचा विषय काढलास. मला वाटलं, चला, गाण्यांच्या गप्पा होतील. पण तुला वेड होतं ते ब्रिटनमधल्या छोट्या, कमी पैशांत काढलेल्या सिनेमांचं. पंचविशीत तू तिकडे एका थंड गावात वृद्धाश्रमात काम करत होतास. तिथल्या वाचनालयावर एक चाळीस खुर्च्यांचं थिएटर होतं आणि सुट्टीच्या दिवशी तू तिथेच पडून असायचास. "त्यांत कुणी गात नाही," तू म्हणालास. "सगळ्यांना सर्दी झालेली असते. आणि काय सांगू तुला, इतके खरे असतात!"

मग एक दिवस तू मला पेनड्राइव्ह दिलास. काय आहे, कशावर आहे, एक अक्षर बोलला नाहीस.

बुधवारी दुपारी लवकर घरी आले होते. कपड्यांच्या घड्या घालत लॅपटॉपवर लावला. समुद्रकाठचं एक करडं गाव. शाळेतला एक शिपाई, चाळिशीचा, म्हाताऱ्या बापाबरोबर राहतो. ऐन थंडीत घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडतो. दुरुस्तीवाला येतो, उघडतो, म्हणतो, पार्ट मागवावा लागेल. पुन्हा येतो. पार्ट चुकीचा निघतो. तिसऱ्यांदा येतो. बाप बाहेरच्या खोलीत टीव्हीवर प्रश्नमंजुषा बघत उत्तरं ओरडतोय आणि आत स्वयंपाकघरात, बॉयलरच्या उघड्या झाकणापाशी, तो बॉयलरवाला शिपायाच्या गालावरची काजळी पुसतो. आणि मग.

मी लॅपटॉप बंद केला. उशीचा अभ्रा हातात तसाच.

दुसऱ्या दिवशी बुर्ज अल-सहवाचा चौक येईपर्यंत मी रेडिओकडे बघत बसले. तूच विचारलंस, "किती पाहिलास?"

"अर्धा."

"का?"

"कुकर लावायचा होता."

तू हसलास. बराच वेळ हसलास. मग समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणालास, "वैशाली, तो मी आहे."

"कोण, बॉयलरवाला?"

"नाही गं. शिपाई."

त्यावर मी काय बोलले ते मला अजून आठवतं, आणि तू ते कधीही परत काढलं नाहीस म्हणून आज मीच काढते. मी म्हटलं, "मिलिंदला सांगू नकोस." झालं! एका माणसाने आयुष्यात दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा स्वतःचं नाव उच्चारलं आणि मला काळजी कशाची, तर माझा नवरा तुझ्या गाडीतून मला जाऊ देईल की नाही याची. दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीच्या बसने जायला लागले. तुला सांगितलं, पाठ धरलीय, बसमध्ये पाय पसरता येतात. कंपनीच्या बसमध्ये! जिथे गुडघे पुढच्याच्या मानेला लागतात! तू म्हणालास, "काळजी घे." आठ दिवस तू एकटा गेलास.

आठव्या दिवशी मी उरलेला अर्धा पाहिला. बॉयलरवाला घाबरून दुसऱ्या गावी काम धरतो. शिपाई काहीच करत नाही. रडत नाही, भिंतीवर डोकं आपटत नाही. शाळेचं मैदान झाडतो. बापाला औषध देतो. दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. आणि मग एका सकाळी बॉयलरवाला दारात उभा. चौथ्यांदा. या वेळी बॉयलर नीट चालू असतो! जेरोम, मी एकटीच खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. पस्तीस वर्षं मी सिनेमे बघतेय, पण दोन माणसांच्या साध्या चहावरून मी कधी अशी उठले नव्हते.

सकाळी मी तुझ्या गाडीपाशी आले. दार उघडलं, बसले, पट्टा लावला. सॉरी म्हणायचं ठरवून आले होते, पण तोंडातून आलं ते, "तो परत का येतो?"

"ते दाखवत नाहीत," तू गाडी सुरू करत म्हणालास. "येतो, तेवढं दाखवतात. म्हणूनच तर." आणि मग तू इतका खूश झालास की रुसैलचा फाटा चुकलास.

त्यानंतरची वर्षं! शुक्रवारी तू माझ्याकडे जेवायला, दर दुसऱ्या शुक्रवारी संजयही. संजय चिपळूणचा, दुक्मला रिफायनरीच्या कामावर सर्वेअर. गुरुवारी काम संपवून सहा तास वाळवंटातून यायचा, बुटांत वाळू घेऊन, आणि तू त्याला दारातच थांबवून बूट झटकायला लावायचास. मी प्रथम त्याला पाहिलं तेव्हा मला काहीतरी मोठं दिसेल असं वाटलं होतं. दिसलं काय? तू त्याच्या ताटातली मिरची उचलून स्वतःच्या ताटात घेतलीस, बोलता बोलता, न बघता. त्या क्षणी मला त्या सगळ्या सिनेमांचं व्याकरण उलगडलं. मिलिंदलाही मीच सांगितलं, मग. तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे." बघ म्हणजे!

आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते पेट्रोल पंपापाशी. मी सहज म्हटलं, "सिनेमा छान, पण शेवट खोटा. खरं असतं तर ते वेगळे झाले असते." तू गाडी बाजूला घेतलीस. इंजिन बंद केलंस. तुला एवढं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"का? आमचं खरं म्हणजे रडणंच का?"

"तसं नाही रे, पण जगात..."

"तुझं आणि मिलिंदचं पंधरा वर्षं चाललंय. आठवड्यातले पाच दिवस तो सूरला, तू इथे. त्याला कुणी म्हणतं का, हे वास्तवाला धरून नाही? बाई-पुरुषाचं टिकलं की संसार, आणि आमचं टिकलं की परीकथा?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. यल्ला, चल आता, उशीर होतोय, एवढं म्हटलं. उत्तर आज सुचतंय, आणि ते मला आवडत नाही. टिकतं रे, टिकतं. पण मग एखाद्या मंगळवारी अकरा वाजता लॅबमधून कुणीतरी धावत येतं आणि सांगतं की जेरोम सर खाली पडले. हा शेवट कुठल्या खात्यात टाकायचा? तू असतास तर म्हणाला असतास, "तो शेवट सगळ्यांचाच असतो, त्यात आमचं वेगळं काय?" आणि पुन्हा जिंकला असतास.

पण मी सबटायटलवर येते, कारण मला राहवत नाहीये.

आईला सांगायचं, हे तू कधीपासून ठरवलं होतंस. तोंडाने जमत नव्हतं. वसईला गेलास की ती तुझ्यापुढे एकेका मुलीचा फोटो ठेवायची आणि तू बोंबील खूप छान झालेत म्हणायचास. शेवटी तुला युक्ती सुचली. आईला इंग्रजी येत नाही, पण मराठी वाचता येतं, चर्चमध्ये वाचन करते. या सिनेमाला मराठी सबटायटल करायची, नाताळला घरी जायचं, तिच्या शेजारी बसून तो पाहायचा आणि मग म्हणायचं, आई, तो मी आहे. बसल्या जागी मी हो म्हटलं. मला वाटलं चार शुक्रवारचं काम. दोन वर्षं लागली! कारण तू एकेका वाक्यावर अडून बसायचास. त्या सिनेमात माणसं एकमेकांना भेटली की विचारतात, "यू ऑल राइट?" मी लिहिलं, "कसा आहेस?" तू खोडलंस. लिहिलंस, "जेवलास?"

"अरे, तो जेवणाचं विचारतच नाहीये!"

"वैशाली, आपल्याकडे कुणी कुणाला कसा आहेस विचारतं का? खरं सांग. विचारणाऱ्याला तेच विचारायचंय. फक्त मराठीत ते जेवणातून जातं."

संजय मध्ये पडला. म्हणाला, "ती बरोबर आहे. सकाळी सात वाजता दारात उभं राहून जेवलास काय?" तू म्हणालास, "तू गप्प बस आणि भात वाढ." आणि "जेवलास?" राहिलं. तेरा ठिकाणी.

अडलं ते शेवटच्या ओळीला. दोघं बसथांब्यावर उभे आहेत, पाऊस तिरका लागतोय, लांबून बस येताना दिसते आणि शिपाई म्हणतो, "दॅट्स अस." संपला सिनेमा. तिकडे आपली बस आली की असंच म्हणतात, तू सांगितलंस. पण शब्द तर सरळ आहेत, ते आपण आहोत. मी म्हटलं, लिही, "हे आपण." तू म्हणालास, नाही, "आपली आली." मी म्हटलं, त्यात दोघं कुठे दिसतात? तू म्हणालास, "आपली"मध्ये दिसतात, नीट बघ. दोन शुक्रवार भांडलो. फाइलमध्ये ती ओळ रिकामी राहिली. तू म्हणालास, पुढच्या शुक्रवारी. आणि मधे तो मंगळवार आला.

त्या दिवसांचं फार लिहीत नाही. एवढंच सांगते की संजय दुक्महून निघाला तो सरळ हॉस्पिटलात आला, बुटांत वाळू तशीच. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, तुम्ही कोण? तो म्हणाला, "रूममेट." मी शेजारी उभी होते. तुमची सात वर्षं त्या एका शब्दात कोंबणारा तो माणूस बघून मला काहीतरी फोडावंसं वाटलं. तुझ्या टाइल्स फोडाव्यात असं. कंपनीच्या लोकांनी कागदपत्रं भराभर केली, सगळे चांगले वागले. तुला वसईला पाठवलं, आणि संजयला दफनाला जाता आलं नाही, कारण रूममेट वारल्यावर रजा मिळत नाही. तो आणि मी विमानतळाबाहेर गाडीत बसलो, दुपारच्या उन्हात एसी लावून. तो म्हणाला, "वैशालीताई, त्याच्या घरच्या कुणालाच माहीत नाही की मी आहे."

दहा दिवसांनी तुझ्या आईचा फोन आला. तुझ्याशी वसईच्या कादोडी बोलीत बोलणारी ती, माझ्याशी अगदी चर्चमधल्या वाचनासारखं शुद्ध मराठी बोलते. म्हणाली, "एक विचारू का? दर शुक्रवारी तो तुझ्याकडे काय करायचा? मला सांगायचा, आई, तुझ्यासाठी एक काम करतोय. काय काम?"

जेरोम, मी दोन दिवस झोपले नाही. तू मला हे सांगून गेला नव्हतास की तू नसशील तर काय. तुझं गुपित, तुझी आई, आणि निर्णय माझा? गेलेल्या माणसाच्या वतीने बोलणं हा मोठा आगाऊपणा आहे. मी संजयला फोन केला. त्याने तिचे नेमके शब्द विचारून घेतले. मग म्हणाला, "तिने विचारलंय ना? त्याने तिला सांगितलंय की तिच्यासाठी आहे. मग ते तिचंच आहे." मी फाइल उघडली. शेवटच्या रिकाम्या ओळीत "आपली आली" लिहिलं. तुझं. माझं नाही. आणि सिनेमासकट वसईला पाठवून दिली. तुझ्या वहिनीने ती टीव्हीला लावून दिली आणि बाजारात निघून गेली.

परवा संध्याकाळी फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही.

"तो मुलगा सारखा विचारतो, जेवलास का, जेवलास का. आणि पूर्ण सिनेमात एकही जण धड जेवत नाही! चहा आणि टोस्ट! असं कोण लिहितं?"

मी म्हटलं, "मावशी, ते तुमच्या मुलाने लिहिलंय."

"त्याला म्हणावं चूक आहे." मग थांबली. मग पुन्हा जोरात, "आणि शेवटी काय ते आपली आली? बस आली तर बस आली लिहावं. बस सरकारची असते."

मला काय झालं कुणास ठाऊक, जेरोम, मी तुझ्या बाजूने भांडायला लागले! दोन शुक्रवार ज्याच्याविरुद्ध भांडले तेच मी तावातावाने पटवून देत होते. दोघं एकत्र जातायत मावशी, म्हणून आपली. एकट्याची असती तर माझी म्हणाला असता. ती ऐकत होती. मी दम घेतला तेव्हा तिकडून अगदी खालच्या आवाजात आलं, "तो शिपाई म्हणजे आमचा. हो ना?"

"हो."

"खांदे पाडून चालतो, तेव्हाच मला कळलं." नाक ओढल्याचा आवाज. "मला हे आवडलं असं समजू नको. त्या स्वयंपाकघरात काय ते चाललं होतं, तेव्हा मी माळ हातात घेतली. फादरना मी काही सांगणार नाही. माझं वय झालंय, मला कळायला वेळ लागेल." आणि मग, त्याच दमात, "तो बॉयलरवाला कुठे असतो?"

मी म्हटलं, "दुक्मला असतो मावशी. लांब आहे, वाळवंटात."

"जेवणाचं काय तिथे?"

"कॅम्पमध्ये मेस आहे."

"मेस," ती म्हणाली, जणू मी शिवी दिली. "मग दफनाला का आला नाही?"

मी सांगितलं. सगळं. रजेचं, रूममेटचं, सात वर्षांचं. त्यावर उरलेला वेळ ती माझ्यावर ओरडली, की मला हे त्याच दिवशी का सांगितलं नाहीस, मी स्वतः कंपनीला फोन केला असता. जेरोम, काय ओरडली! मला इतकं छान कुणी आयुष्यात रागावलं नव्हतं!

काल संजय आला. त्याला मी फोनवर काहीच सांगितलं नव्हतं, मला त्याचा चेहरा बघायचा होता. सांगितलं तेव्हा तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "परत सांगा." तीनदा सांगायला लावलं. मग आम्ही व्हिडिओ कॉल लावला. तुझी आई पांढऱ्या साडीत, कॅमेरा कपाळावर धरलेला, निम्मा वेळ आम्हाला पंखाच दिसत होता. संजयने उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं होतं. मीच काहीतरी बडबडत राहिले.

शेवटी तिने विचारलं, "रजा कधी आहे तुला?"

"वार्षिक रजा आलीय, मावशी. पुढच्या गुरुवारी निघतोय. चिपळूणला जाणार होतो."

"चिपळूणला नंतर जा. रविवारी चर्चमध्ये त्याची महिन्याची मिस्सा आहे. आधी इथे यायचं." तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. "वरच्या मजल्यावर त्याची खोली आहे, तिथे राहा. पण सांगून ठेवते, त्या खोलीचं दार नीट लागत नाही. थोडं..."

"थोडं उचलून ओढावं लागतं," संजय म्हणाला. "आणि मग गुडघ्याने रेटायचं. तो सांगायचा."

तुझ्या आईने फोन खाली घेतला आणि पहिल्यांदाच तिचा पूर्ण चेहरा आम्हाला दिसला. ती संजयकडे बघत होती, खूप वेळ, नीट, माणूस ओळखीचा निघाल्यावर बघतात तसं.